डार्लाच्या नावावरचं चलान

डंपरच्या लोखंडी पायरीवर डार्ला प्रुएटचं तोंड आपटलं, तेव्हा आधी दात तुटल्याचा आवाज आला. दुखायला लागलं ते नंतर.

एप्रिलची दुपार होती. कोल्टर काउंटीत नव्या पुलाचं काम चालू होतं आणि शेजारच्या हॉलिस काउंटीतल्या दगडखाणीतून डार्ला तिथे खडी टाकत होती. ताडपत्रीचा एक कोपरा सुटून फडफडत होता, एवढंच निमित्त. शेरीफच्या खात्यातल्या डेप्युटी कॉलीने निळे दिवे लावून तिला बाजूला घेतलं, लायसन्स घेऊन आपल्या गाडीत जाऊन बसला, आणि परत आला तो कमरेच्या पट्ट्यावर हात ठेवूनच.

“बाई, खाली उतरा. तुमच्या नावावर वॉरंट आहे.”

“कसलं वॉरंट?”

“दोन चलानं फाडलीत तुमच्यावर. कोर्टाची तारीख होती, तुम्ही फिरकला नाहीत.”

“माझ्यावर? उभ्या जन्मात मला कुणी चलान फाडलं नाही. नीट बघ तुझ्या त्या डबड्यात, दुसरी कुणी डार्ला असेल.”

“उतरा म्हटलं ना.”

“खडी टाकते आणि येते. पुलावरची माणसं खोळंबलीत. पळून जाणारे का मी, या हत्तीवर बसून?”

कॉली वयाने लहान, त्यात नोकरीत नवा. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या वेग कमी करून बघत होत्या, आणि एक बाई उंचावर बसून आपल्याला बनवतेय हे त्याला सहन झालं नाही. त्याने पायरीवर चढून तिच्या जाकिटाची कॉलर धरली आणि खेचली. डार्लाचं कोपर मागे आलं. ते त्याच्या नाकावर बसलं आणि रक्ताची धार लागली. मग मात्र त्याने तिला केसांना धरून खाली ओढलं, पायरीवर आपटलं, पाठीत गुडघा रोवून हात मागे पिरगळले. बेडी अडकवताना तो रडवेल्या आवाजात ओरडत होता, “हलू नकोस! हलू नकोस म्हणतो ना!” आणि डार्ला हलत नव्हतीच. तिच्या तोंडात खडीची कच आणि दाताचा तुकडा होता, आणि दोन्हींतलं काय थुंकायचं ते तिला कळत नव्हतं.

मार तिला नवा नव्हता. तिचा बाप हर्शेल जंगलतोडीच्या कामावर होता. झाडं तोडायला जाण्याआधी आणि आल्यावर, दोन्ही वेळा तो घरातल्यांना मारायचा. आई मुकाट खायची. धाकटी ट्वायला पलंगाखाली शिरायची आणि डार्ला पलंगासमोर उभी राहायची, कारण तिथे कुणीतरी उभं राहणं भाग होतं. सोळाव्या वर्षी तिने कुऱ्हाडीचा दांडा बापाच्या हातातून हिसकावला आणि त्याच्याच खांद्यावर घातला. बापाने पुन्हा हात उचलला नाही. पण त्या दिवशी तिला एक गोष्ट कळली आणि ती तिला आवडली नाही: दांडा बसला तेव्हा तिला बरं वाटलं होतं. त्यानंतर ती स्वतःच्या हातांना भिऊन राहिली. लग्न केलं नाही, दारूला शिवली नाही, माणसांपेक्षा डंपरशी संसार बरा म्हणाली.

कोल्टरच्या जेलमध्ये पहिल्याच संध्याकाळी एका बाईला तिचे खाणीतले बूट हवेसे वाटले. डार्ला झोपलीय असं समजून ती पायाशी आली. डार्लाने तिला लाथ घातली. मग दोघी फरशीवर, एकमेकींच्या केसांत हात घालून, बाकीच्या बायका बाकावर पाय वर घेऊन ओरडतायत, असं बराच वेळ चाललं. बूट राहिले. कानाची पाळी फाटली. पहारेकरणीने दोघींना वेगळं करून विचारलं, “किती दिवस राहायला आलीस गं तू? एकदाच सांग, म्हणजे मी पट्ट्या मागवून ठेवते.”

तिसऱ्या दिवशी खाणीचा मुकादम ओटिस ब्रँडल जामिनाचं बघून तिला घ्यायला आला. तिचं तोंड पाहून त्याने टोपी काढली आणि परत घातली.

“डार्ला, हे वॉरंट मिटेपर्यंत तुला डंपरच्या स्टेअरिंगवर बसवता येणार नाही. कायदाच आहे. माझा राग करू नकोस.”

“तुझा कशाला करू? ज्याचा करायचाय तो आधी सापडू दे.”

कोर्टाची इमारत जेलला लागूनच होती. ओटिसला गाडीत थांबायला सांगून ती तशीच, रक्त सुकलेल्या जाकिटात, कारकुनाच्या खिडकीशी गेली. खिडकीत एस्टेल मॅकनॅब बसायची. पांढरे केस, चष्म्याला साखळी, आणि जगात कुणाचंही काहीही बिघडलेलं बघायची सवय. तिने डार्लाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एक ओला रुमाल आधी पुढे सरकवला.

“नाव सांग, पोरी.”

“डार्ला के प्रुएट. माझ्या नावावर कुठलं चलान आहे ते बघायचंय.”

“त्याला माझी गरज नाही. तो कोपऱ्यातला संगणक सगळ्यांसाठी आहे. आडनाव टाक, जन्मतारीख टाक. घरी बसूनही दिसतं. पण तुझी बोटं सुजलीत, थांब, मीच काढते.” एस्टेलने कळफलक बडवला. “हे बघ. गेल्या ऑक्टोबरातलं. जुन्या गिरणीच्या रस्त्यावर. एक वेगाचं, एक नंबरप्लेटच्या वार्षिक नोंदणीची मुदत संपल्याचं. गाडी मरून रंगाची ब्युइक. लायसन्स जवळ नव्हतं म्हणे, नाव आणि जन्मतारीख तोंडी सांगितलीय. पत्ता, सायकॅमोर लेन, ट्रेलर क्रमांक नऊ. इथे तुझी सही आहे.”

डार्लाने सही बघितलीही नाही. मरून ब्युइक आईची होती. आई गेल्यावर डार्लाने ती ट्वायलाला दिली होती. आणि ट्वायला, दीड वर्षापूर्वी नवऱ्याचं, बॉइड स्ट्रिकलरचं, घर सोडून जी निघाली ती एक फोन न करता, एक चिठ्ठी न टाकता नाहीशी झाली होती. मेली की जगली म्हणून डार्लाने नदीच्या खालच्या अंगाला दोनदा जाऊन पाहिलं होतं.

“काय करता येतं मला?” तिने विचारलं.

“गुन्हा कबूल असेल तर तसं लिहून दे, मिटलं. कबूल नसेल तर तारीख घे, जजसमोर उभी राहा, ज्याने फाडलं त्या शिपायालाही बोलावतील. आणि दुसऱ्याच कुणी तुझं नाव सांगितलं असेल, तर शपथेवर तसं लिही. पण मग ते कोण हे विचारतील. ते नाव चढेल तुझ्या जागी.”

“सगळ्यांना दिसेल असं?”

“सगळ्यांना दिसेल असं,” एस्टेल म्हणाली. “काय देऊ?”

“तारीख दे,” डार्ला म्हणाली. “आणि तो पत्ता परत सांग.”

ओटिसने तिला घरी सोडलं. तिने आपला पिकअप काढला आणि तडक सायकॅमोर लेन गाठली. वाटेत ती रडली नाही की तिने शिव्या दिल्या नाहीत. जीभ सारखी तुटक्या दातावर जात होती, आणि दर वेळी दुखलं की राग थोडा वर चढत होता.

नऊ नंबरच्या ट्रेलर-घराचं दार ट्वायलाने साखळी लावूनच उघडलं. बहिणीचा चेहरा पाहून तिने साखळी काढली. डार्लाने आत पाऊल टाकलं आणि तिच्या कानाखाली अशी वाजवली की ट्वायला टेबलासकट भिंतीवर गेली. मक्याच्या पावाची तवी खाली आली, बीन्सचं पातेलं उलटलं.

“माझं नाव? माझं नाव सापडलं तुला घाण पुसायला?” डार्लाने तिला गळपट्टीला धरून उठवलं. “तीन दिवस जेलात होते मी! दात बघ! काम गेलं माझं! आणि तू इथे बीन्स शिजवतेस?”

ट्वायला अंगाने निम्मी, पण तीही हर्शेल प्रुएटचीच मुलगी. तिने डार्लाच्या मनगटाचा चावा घेतला. दोघी पातेल्यावरून घसरून पडल्या. डार्लाने तिला खाली दाबलं, हात वर उचलला, आणि तेव्हा तिला ट्वायलाचा उजवा हात दिसला. ती तो चेहऱ्यावर आडवा धरत होती. तळव्याची कातडी गुळगुळीत, गुलाबी आणि आवळलेली होती, आणि तिच्यात विजेच्या शेगडीच्या कड्यांची गोल नक्षी स्पष्ट उमटलेली होती.

डार्लाचा हात हवेतच राहिला.

“मार ना,” ट्वायला म्हणाली. “थांबलीस कशाला?”

“बॉइडने?”

“नाही, मीच ठेवला गंमत म्हणून.” ट्वायला उठून बसली. ओठातून रक्त येत होतं, ते तिने बाहीला पुसलं. “हात शेगडीवर धरून म्हणाला, जाशील कुठे? या डोंगरात गाडीशिवाय कोण जगतं? गाडी चालवशील तर आज ना उद्या कुणीतरी अडवेल, नाव लिहून घेईल. कोर्टाची पानं मी दर रविवारी बघणार, म्हणाला. आजूबाजूच्या सगळ्या काउंट्यांत. ट्वायला स्ट्रिकलर टाकायचं आणि वाट बघायची. त्याला कुणाला विचारावंही लागत नाही, डार्ला. घरी बसून बिअर पीत बघतो तो.”

“म्हणून माझं सांगितलंस.”

“दिव्यांचा झोत तोंडावर होता. शिपायाने नाव विचारलं आणि तुझं आलं तोंडातून. लहानपणी काय करायचे मी? तुझ्याच मागे जायचे ना?” ती थांबली. “कोर्टात जायचं तर ओळखपत्र दाखवा म्हणतात. कसं जाणार होते?”

“मला सांगायचंस.”

“तू त्याला ठार मारलं असतंस.”

डार्ला उठली. तिने तवी उचलली, पाव गोळा केला, फडक्याने बीन्स पुसल्या. मग तिच्या मनात दुसरीच गोष्ट आली आणि फडकं हातातच राहिलं. जेलमध्ये गेलेल्यांचे फोटो शेरीफच्या इंटरनेटवरच्या पानावर रोज चढतात, आणि हॉलिसच्या पेट्रोलपंपावर सकाळी कॉफीबरोबर लोक ते चवीने बघतात. डार्ला प्रुएट आत गेली ही बातमी एव्हाना सगळ्या टेकड्यांत झाली असणार. बॉइडलाही. आणि एस्टेलने जे पान चुटकीसरशी काढलं, मरून ब्युइक, सायकॅमोर लेन, नऊ नंबर, ते काढायला बॉइडला किती वेळ लागणार?

“सामान भर,” ती म्हणाली. “सकाळी निघायचं. माझ्याकडे नाही, ओटिसची बहीण राहते तिकडे, लांब.”

सकाळी ऊन वर आलं तरी त्या भरतच होत्या. ट्वायला ब्युइकमध्ये बसून ती चालू करायच्या खटपटीत होती. जुनी गाडी, थंडीत कुरकुरायची. डार्ला पिकअपमागे उभी राहून गादी बांधत होती. तेवढ्यात बॉइड स्ट्रिकलरची काळी गाडी गल्लीत वळली. तो घाईत नव्हता. गाडी आडवी लावली, खाली उतरला, सीटमागून दुनळी बंदूक काढली. केस नीट विंचरलेले, शर्ट इस्त्रीचा, चर्चला निघाल्यासारखा.

“डार्ला,” तो म्हणाला, “तुझा फोटो छान आलाय. त्याच्यामुळेच भेट झाली बघ.”

“जा इथून, बॉइड.”

“बायकोला न्यायला आलोय. तू मधे पडू नकोस, तुझं आधीच बरंच फुटलंय.”

डार्ला गाडीच्या आणि त्याच्या मधे आली. बॉइडने पहिला बार सरळ ब्युइकच्या पुढच्या काचेवर टाकला. काच आत कोसळली आणि ट्वायला दिसेनाशी झाली. डार्ला ओरडून धावली. दुसरा बार तिच्या डाव्या खांद्यात घुसला, पूर्ण नाही, कडेकडेने, पण तेवढ्याने ती गिरकी घेऊन पिकअपच्या चाकाशी पडली. बॉइड बंदूक उघडून नवी काडतुसं भरायला लागला. भरताना तो ब्युइकला वळसा घालून तिच्यामागच्या, ट्रेलरच्या सिमेंटच्या पायऱ्यांकडे सरकला आणि एक काडतूस हातातून निसटलं म्हणून वाकला.

ट्वायला मेलेली नव्हती. केसांत काचा, कपाळावरून रक्त, अशी ती सीटवर उठून बसली, आणि ब्युइक, जी इतका वेळ कुरकुरत होती, ती नेमकी चालू झाली. तिने मागचा गिअर टाकला आणि पाय दाबला. गाडीचा मागचा भाग बॉइडला घेऊन पायऱ्यांवर आदळला. हाड मोडल्याचा आवाज गल्लीभर ऐकू गेला, असं शेजारचा म्हातारा अजून सांगतो. बंदूक उडून गवतात पडली.

बॉइड किंचाळत होता. त्याचा पाय बंपर आणि पायरी यांच्यामध्ये होता. डार्ला उठली. पिकअपमध्ये साखळ्या आवळायची लोखंडी दांडी होती, ती तिने उजव्या हातात घेतली आणि चालत त्याच्यापाशी गेली. धावलीही नाही. बॉइडने हात वर केले. तिने आधी एका हातावर मारलं, मग दुसऱ्या. मग खांद्यावर. मग बरगड्यांवर. तो म्हणत होता, “झालं, झालं, डार्ला, झालं,” आणि ती मारत होती. तिला पुन्हा बरं वाटत होतं, सोळाव्या वर्षी वाटलं होतं तसंच, त्याहून जास्त. तिने दांडी डोक्याच्या रोखाने उचलली, तेव्हा मागून शेजारच्या म्हाताऱ्याने तिच्या कमरेला मिठी मारली आणि दोघं गवतात पडले. तो ऐंशीच्या घरातला होता. तिने त्याला सहज झटकून दिलं असतं. पण तो तिच्या कानाशी कळवळून म्हणत होता, “माझी पाठ, बाई, माझी पाठ,” आणि त्याची पाठ मोडेल या भीतीने ती हलली नाही. बॉइड जगला तो त्या पाठीमुळे.

पहिली गाडी आली ती डेप्युटी कॉलीची. नाकावर अजून पट्टी होती. त्याने पायऱ्यांकडे पाहिलं, ब्युइककडे पाहिलं, आणि मग गवतात बसलेल्या डार्लाकडे.

“ते इकडे द्या, बाई,” तो हळू म्हणाला.

तिने दांडी दिली. त्याने स्वतःचं जाकीट काढून तिच्या खांद्याच्या जखमेवर दाबून धरलं आणि रुग्णवाहिका येईपर्यंत सोडलं नाही. दोघांपैकी कुणीही माफी मागितली नाही.

सुनावणीला डार्ला गेली तेव्हा खांद्यातले छर्रे काढून झाले होते, दात मात्र तसाच होता. बॉइडचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता, आणि तो तुरुंगाच्या दवाखान्यात खटल्याची वाट बघत होता. सरकारी वकिलाने दोघी बहिणींवर त्या सकाळचा कुठलाच गुन्हा ठेवला नव्हता. पण चलान होतं तिथेच होतं.

जजने पुकारलं. “प्रुएट बाई, वेगाचं आणि नंबरप्लेटचं. कबूल की नाकबूल?”

डार्लाने ठरवून ठेवलं होतं. बॉइड आत असला तरी त्याचे भाऊ मोकळे होते. ट्वायलाचं नाव कुठल्याही पानावर चढायला नको होतं. तिने तोंड उघडलं, “कबूल,” म्हणायला, आणि मागच्या बाकावरून कुणी उठल्याचा आवाज आला.

“ती गाडी मी चालवत होते,” ट्वायला म्हणाली. “मी ट्वायला स्ट्रिकलर. मी खोटं नाव सांगितलं.”

“खाली बस!” डार्ला वळून ओरडली.

“तू खाली बस. आयुष्यभर उभीच आहेस.”

“इथे कुणी कुणाला बसवायचं ते मी ठरवतो,” जज म्हणाला. मग त्याने ट्वायलाला पुढे बोलावलं आणि बजावलं, “बाई, शिपायाला खोटं नाव सांगणं हा वेगळा गुन्हा आहे. वकील हवा तर थांबा. पुढचं बोलण्याआधी विचार करा.”

“दीड वर्ष विचारच करतेय, साहेब. लिहा.”

डार्लाच्या नावावरची दोन्ही चलानं आणि वॉरंट रद्द झालं. ती चलानं ट्वायलाच्या नावावर चढली. खोट्या नावासाठी तिला थोडे दिवस जेल झाली, उरलेल्या शिक्षेत रस्त्याकडेचा कचरा उचलणं. डार्लाला वाटलं मिटलं. पण जजने आणखी एक कागद काढला. वॉरंट चुकीच्या माणसावर होतं, पण डेप्युटीच्या नाकावर बसलेलं कोपर चुकीच्या माणसाचं नव्हतं.

“चुकून लागलं का?” त्याने विचारलं. कॉली भिंतीशी उभा होता. तिने हो म्हटलं असतं तर तोही गप्प राहिला असता, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं.

डार्लाने विचार केला. “अर्धं चुकून, साहेब,” ती म्हणाली. “अर्धं मी घातलं.”

ट्वायला आत गेली तेव्हा डार्ला तिला जेलच्या दारापर्यंत सोडायला गेली. “बूट काढून दे माझ्याकडे,” ती म्हणाली, “तिथे बुटांवरून मारतात.” ट्वायला हसली, आणि हसता हसता तिला रडू कोसळलं. ती बाहेर आली ती डार्लाच्याच घरी. दोघी एका छपराखाली मांजरांसारख्या भांडतात. ट्वायला कपड्यांच्या दुकानात काम करते, स्वतः गाडी चालवत जाते, आणि बॉइडचे भाऊ दुकानासमोर एकदा गाडी थांबवून बसले तेव्हा तिने बाहेर येऊन त्यांच्या गाडीचा नंबर मोठ्याने वाचून शेरीफच्या कचेरीला फोनवर सांगितला. ते परत आले नाहीत.

डार्ला, जजने त्या कोपराची दिलेली शिक्षा म्हणून, काही महिने डंपरच्या स्टेअरिंगपासून लांब राहिली. तिने दगड फोडणाऱ्या क्रशरवर फावडं मारलं, धूळ खाल्ली, आणि मग डंपरवर परत बसली. परतल्याच्या पहिल्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत खाणीतली माणसं तिच्याभोवती जमली. बॉइड कुणालाच आवडत नव्हता. एकाने लोखंडी पहार उचलून तिच्यापुढे धरली.

“दाखव ना, डार्ला. कशी घातलीस? आधी हात की आधी बरगड्या?”

बाकीचे हसले. डार्लाने पहारीकडे पाहिलं. तिचा हात आपोआप पुढे गेला होता, बोटं वळलीसुद्धा होती. तिने तो मागे घेतला आणि जाकिटाच्या खिशात घातला.

“ठेव ते खाली,” ती म्हणाली.

“अगं, गंमत—”

“ठेव म्हटलं ना.”

त्याने ठेवली. डार्ला डब्यातला उरलेला पाव तसाच टाकून उठली, डंपरवर चढली आणि दार लावून घेतलं. सुट्टी संपल्याचा भोंगा होईपर्यंत ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिली. मग तिने ताडपत्री तपासली आणि खडी घेऊन पुलाकडे निघाली.